डायरेक्ट सेलिंगचा धंदा मुंबईत जमवायचा तर

डायरेक्ट सेलिंगमध्ये, म्हणजे कंपनीचा माल दुकानाशिवाय थेट घरोघर विकण्यात, पैसा दुसऱ्या खरेदीत असतो. पहिली बाटली मावशी घेते, ऑफिसातली मैत्रीण घेते, शेजारच्या काकू घेतात. ती तुमच्या शब्दाखातर घेतलेली असते. ती संपल्यावर त्याच घरातून "अजून एक आण गं" असा फोन आला, की धंदा सुरू झाला असं धरायचं. कंपनीच्या मीटिंगांमध्ये मात्र बोलणं बहुतेक वेळा माणसं जोडण्यावरच, म्हणजे आपल्या हाताखाली नवे विक्रेते आणण्यावरच, येऊन थांबतं. खाली जे आहे ते विकण्याबद्दल आहे, आणि माणसं जोडण्याचा विषय मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे.

कंपनी निवडताना

आधी कागद बघा. २८ डिसेंबर २०२१ पासून या धंद्याला ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू आहेत. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय भारतात हवं, तुमच्याशी लेखी करार हवा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-नंबर वेबसाइटवर हवा. करारात एक 'कूलिंग ऑफ' मुदत असते. त्या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं, तेव्हा ती किती दिवसांची आहे ते सही करण्याआधी वाचा. न विकलेला माल कंपनी परत घेते का, किती दिवसांत, किती टक्के कापून आणि सील फुटलेलं असलं तर काय, हेही त्याच कागदात सापडलं पाहिजे. "ते आपण बघू, मी आहे ना" असं वरचा माणूस, म्हणजे तुम्हाला कंपनीत आणणारा विक्रेता, म्हणाला, तर ते कागदात नाही असं समजा.

नोंदणीसाठी पैसे मागितले, 'स्टार्टर पॅक घेतलाच पाहिजे' म्हणाले किंवा माणूस आणल्याबद्दल रक्कम सांगितली, तर चहा संपवून उठा. माणसं भरती करण्यावर पैसे वाटणारी योजना पिरॅमिड ठरते. वरच्या नियमांत ती चालवायलाही बंदी आहे आणि तिच्यात माणूस ओढायलाही. पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ पासून स्वतंत्र कायदा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दादरला दागिन्यांच्या शोरूमपुढे पैसे बुडालेल्यांची जी गर्दी उसळली, ती योजना डायरेक्ट सेलिंगची नव्हती. पण दर आठवड्याला व्याज आणि ओळखीतून आणलेली माणसं, ही भाषा ओळखीचीच होती.

मग माल बघा. तीन गोष्टी तपासा. वस्तू महिना-दीड महिन्यात संपणारी असावी: भांड्यांचं लिक्विड, टूथपेस्ट, फेसवॉश, कपड्यांची पावडर, लादी पुसण्याचं औषध. डबे, कुकर, वॉटर प्युरिफायर एकदा विकले की त्या घराचं दार पाच-सात वर्षांसाठी बंद. दुसरं, किंमत पाचशेच्या आत असेल तर बाई स्वतः ठरवते. दोन हजार म्हटलं की "ह्यांना विचारून सांगते" आणि ते ह्यांना विचारणं कधीच होत नाही. तिसरं म्हणजे वजन. पाच लिटरचे दोन कॅन घेऊन ठाणे लोकलला चढून दाखवा, मग त्यांचा धंदा करा.

एक गोष्ट फार जण विसरतात. तीच वस्तू ऑनलाइन साइटवर शोधा. तिथे ती तुमच्या खरेदीभावापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी तिथून घेणार आणि त्यात त्याची काही चूक नाही.

दहा हजारांचं गणित

दहा हजारांत सुरुवात होते आणि त्यापेक्षा जास्त घालूही नये. समजा, ३०० रुपये एमआरपीची बाटली तुम्हाला २४० ला पडते. ६,००० च्या २५ बाटल्या घ्या, त्याही फक्त तीन प्रकारांत. पंधरा प्रकारांच्या दोन-दोन घेतल्या की मागणी असलेली नेमकी संपते आणि नको ती कपाटात राहते. १,००० रुपयांचे ट्रायल पाऊच, ५०० मध्ये बिलबुक, वही, पिशव्या. १,००० प्रवासाला. उरलेले १,५०० बँकेत, हात न लावता, कारण पहिल्या महिन्यात एखादी बाटली गळते, एखादी परत येते आणि एक उधारी अडकतेच.

आता फेरीचं गणित. कांजूरहून मुलुंडला एका काकूंकडे दोन बाटल्या द्यायला गेलात. सुटले १२०. ट्रेन आणि दोन्हीकडची शेअर रिक्षा मिळून ६०, सॅम्पल-पिशवी १०. हातात ५० रुपये आणि दोन तास गेले, म्हणजे तासाला २५. त्याच इमारतीत पाच घरं असतील आणि प्रत्येकी दोन बाटल्या असतील, तर सुटतात ६००. रिक्षा-ट्रेन तेवढीच ६०, सॅम्पलना ५०, उरले ४९०. वेळ साडेतीन तास धरला तरी तासाला १४० पडतात. भाव, माल आणि बोलणं तेच, फरक फक्त इमारतीचा.

म्हणून विरारपासून पनवेलपर्यंतच्या नातेवाइकांची यादी करू नका. घरापासून चालत किंवा एका रिक्षेत जाता येतील अशा दोन-तीन सोसायट्या ठरवा. बावीस मजले आणि मजल्यावर चार घरं म्हटलं तरी एका टॉवरमध्ये ८८ दारं आहेत. त्यातली वीस घरं नेहमीची झाली, की दुसऱ्या टॉवरचा विचार करायचा. बदलापूरच्या आत्याला वस्तू हवी असेल तर कंपनीच्या साइटवरून तिच्या पत्त्यावर ऑर्डर लावून द्या, स्वतः जाऊ नका. (आत्याकडे जा, पण जेवायला.)

सूट देण्याचा मोह सगळ्यांना होतो. ३०० वर दहा टक्के सोडले की ३० गेले, म्हणजे तुमच्या ६० मधले निम्मे. तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट बाटल्या विकाव्या लागतील. शिवाय एका घराला दिलेली सूट संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये सगळ्यांना कळते. द्यायचंच असेल तर तिसऱ्या खरेदीला एखादा ट्रायल पाऊच द्या. तो तुम्हाला आठ-दहा रुपयांना पडतो आणि नवीन वस्तूची ओळखही करून देतो.

सोसायटीत शिरणं

न सांगता बेल वाजवण्याचे दिवस गेले, आणि नियमही तेच सांगतो: आधी वेळ घेतल्याशिवाय आणि ओळखपत्राशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचं नाही. गेटवरच्या ॲपवर त्या घराने 'अप्रूव्ह' केलं तरच वॉचमन सोडतो. म्हणून पहिली ऑर्डर गेटच्या आतल्या ओळखीच्या एका घरातून यावी लागते आणि ते घर पुढची दारं उघडतं.

दुसरा रस्ता म्हणजे रविवारचा टेबल. सेक्रेटरीच्या नावाने साधं पत्र द्या: कंपनीचं नाव, काय विकणार, तारीख, वेळ ११ ते १, कचरा स्वतः उचलू. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. टेबलाचे पैसे मागितले तर पावती घ्या. कमिटीतल्या कुणी 'माझ्याकडे दे, मी बघतो' म्हटलं तर तो दर पुढच्या रविवारी वाढतो. महिला मंडळाच्या कार्यक्रमाला जोडून टेबल मिळाला तर सगळ्यात बरा.

वेळेचं भान हवं. चाळीत पाण्याच्या वेळेला जाल तर दार उघडेल, पण हात ओले आणि डोकं तापलेलं असेल. दुपारी दोन ते चार झोपेचे. नोकरी करणाऱ्या बायका साडेसातला घरात शिरतात तेव्हा त्यांना कुकर लावायचा असतो. त्यांच्यासाठी शनिवार-रविवार सकाळ किंवा रात्री नऊनंतरचा मेसेज. घरी असणाऱ्यांसाठी सकाळी अकरा ते एक.

लोकलच्या डब्यात पिशवी उघडून विकू नका. परवान्याशिवाय गाडीत किंवा फलाटावर माल विकणं रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्हा आहे. रोजच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीने गप्पांत विचारलं, तर तिचा पत्ता वहीत घ्या आणि माल घरी पोचवा.

डेमो

सहा ते आठ बायका, पाऊण तास, दोन वस्तू. फार तर तीन. वीस वस्तू मांडल्या की सगळ्या हाताळल्या जातात, वास घेतले जातात, "छान आहे हो सगळंच" होतं आणि ऑर्डर एकही नाही. यजमानीण बाईंना ऑर्डरच्या आठ-दहा टक्क्यांची वस्तू द्या, रोख नको. हे आधीच ठरवून सांगा, म्हणजे त्या मनापासून बोलावतात.

स्वच्छतेच्या वस्तूंचा डेमो त्याच घरातल्या पाण्यावर करायचा. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ आहे, त्यात फेस पटकन येतो. जिथे बोअर किंवा टँकरवर भागतं तिथे पाणी जड असतं आणि त्याच मात्रेत फेस निम्मा दिसतो. ट्रेनिंगला शिकवलेलं 'एक झाकण' तिथे तोंडावर पाडतं. आधी त्या घरी ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाकून, हलवून बघा आणि मात्रा त्याप्रमाणे सांगा.

आणि भांडी कोण घासतं ते विचारा. विकत मॅडम घेतात, वापरतात कामाच्या ताई. लिक्विड पाण्यात कालवून वापरायचं आहे हे ताईंना कुणी सांगितलेलं नसतं. त्या घासणीवर सरळ बाटली उलटी करतात, महिन्याची बाटली बारा दिवसांत संपते आणि मॅडमचा शेरा येतो: "चांगलं आहे, पण महाग पडतं." तुमचं गिऱ्हाईक इथे जातं आणि तुम्हाला कारणही कळत नाही. उपाय असा: रिकामी झालेली एक बाटली मागून घ्या, त्यात एक भाग लिक्विड आणि लेबलवर सांगितलं असेल तेवढं पाणी भरा, झाकणाला खिळ्याने बारीक भोक पाडा आणि ती बाटली सिंकवर ठेवा. मूळ बाटली वरच्या कपाटात. हे ताई घरात असताना, त्यांच्या हाताने करा. दुसऱ्या घरी त्याच ताई तुमचं नाव सांगतील.

फेसवॉश-क्रीमला कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास थांबायला सांगा. पुरळ आलं तर बाटली परत घ्यायची, वाद घालायचा नाही.

वही

गुगल शीट चालेल, पण शंभर पानी वही लिफ्टमध्येही उघडता येते. प्रत्येक घराला अर्धं पान. एक ओळ अशी दिसते:

बी-७०४. भांड्यांचं लिक्विड ५०० मिली. दिलं ३ जून, पैसे आले. घरात ५ जण, ताई घासतात. ३० जूनला संपेल. फोन २४ ला.

'कधी संपेल' हा रकाना नसेल तर बाकीची वही निरुपयोगी. पहिल्यांदा तो अंदाज असतो. दुसऱ्या खरेदीनंतर त्या घराचा वेग कळतो आणि तारीख दोन-तीन दिवसांच्या फरकाने बरोबर येऊ लागते. फोन संपण्याच्या पाच-सहा दिवस आधी करायचा. संपल्यावर केला तर तोवर खालच्या वाण्याकडून साबण आलेला असतो.

विक्रीनंतर तिसऱ्या दिवशी एक मेसेज करा, तोही विकण्यासाठी नाही: "काकू, लिक्विड वापरायला काढलं का? ताईंना मात्रा जमली का?" पहिली बाटली फोडलीच नाही तर दुसरी मागवली जात नाही, म्हणून ती फोडून घेणं हे तुमचं काम. आणि २४ तारखेचा मेसेज असा: "काकू, लिक्विड महिनाअखेरीस संपेल. गुरुवारी तुमच्या बिल्डिंगमध्ये येतेय, एक आणू का?" हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्यावं लागेल असा मेसेज असावा. चित्रं, फुलं, सुप्रभात काही नको.

व्हॉट्सॲपचा ग्रुप काढू नका. एकीने परत केलेली वस्तू सगळ्यांना दिसते आणि आठवड्याभरात ग्रुप म्यूट होतो. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून पहिली बाटली देतानाच नंबर सेव्ह करून घ्या.

संक्रांतीचं वाण

वर्षातला सगळ्यात सोपा माल जानेवारीत जातो आणि कंपनीच्या कॅलेंडरमध्ये त्याचा पत्ता नसतो. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं असतात आणि प्रत्येक घराला तीस ते शंभर सारख्या वस्तू लागतात. बजेट साधारण नगाला पंचवीस ते साठ रुपये. छोटा हँडवॉश, साबण, लहान टूथपेस्ट, ट्रायल क्रीम, यातलं जे एकसारखं आणि भरपूर मिळेल ते निवडा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वहीतल्या प्रत्येक घरी विचारा, ख्रिसमसपर्यंत ऑर्डर बांधा, निम्मे पैसे आगाऊ घ्या. जानेवारीच्या दहा तारखेनंतर वेअरहाऊसमधून माल वेळेवर येईलच असं धरू नका.

नफा इथे कमी सुटतो, नगाला पाच-सात रुपये. पण एका घराच्या वाणातून पन्नास घरांत तुमची वस्तू जाते. प्रत्येक नगावर तुमचं नाव-नंबर असलेली छोटी चिठ्ठी यजमानीण बाईंना विचारून लावा. काहींना ते आवडत नाही, मग नको.

दिवाळीचा माल दसऱ्याआधी विचारायचा. गणपतीत घरोघर पाहुणे असतात, तेव्हा विकायला जाऊ नका. आधीच्या आठवड्यात मात्र लादी, पितळ, भांडी यांच्या वस्तू हमखास जातात.

पैसे आणि पावसाळा

उधारीचा एकच नियम पाळा: आधीचं आल्याशिवाय पुढचं नाही. हा नियम पहिल्याच दिवशी, हसत, सगळ्यांना सांगा. अडकल्यावर सांगितला तर अपमान वाटतो. यूपीआयचा क्यूआर पिशवीला लटकवा. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा, नाहीतर बाटल्यांचे पैसे दुधाच्या बिलात जातात आणि महिनाअखेरीस 'धंदा चालतो, पण पैसे दिसत नाहीत' असं होतं.

कंपनी कमिशनवर टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. पॅन चुकीचा दिला असेल तर जास्त कापला जातो. फक्त मालाची विक्री असेल तर जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे, पण कमिशन ही सेवा धरली जाते आणि सेवेची मर्यादा २० लाख. मोठी रक्कम दिसू लागली की सीएला एकदा फी देऊन विचारा.

माल जमिनीवर ठेवू नका. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला ओल येते, पावडरचे गठ्ठे होतात, लेबलं सुटतात. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट, भिंतीपासून हातभर लांब, आधी संपणारी तारीख पुढे. जुलैमध्ये डिलिव्हरीचा दिवस समुद्राच्या भरतीच्या वेळा बघून ठरवा.

आजार बरा होतो असं म्हणू नका

सप्लिमेंट विकणाऱ्यांनी हे चिकटवून ठेवावं. मधुमेह, कॅन्सर अशा ठरावीक आजारांवर अमुक औषध गुणकारी आहे अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. वरून आलेला 'शुगर २१० वरून ११०' असा फोटो तुम्ही स्टेटसला ठेवलात, तर तो तुमचा दावा झाला. कंपनीने मंजूर न केलेलं साहित्य वापरायलाही नियमांत मनाई आहे. कुणी "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू का?" विचारलं तर उत्तर एकच: नाही, डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी विक्री झाली नाही तरी चालेल.

तक्रार आली तर बिल नंबरासह कंपनीला ईमेल करा. ४८ कामकाजाच्या तासांत पोच आणि साधारण महिन्याभरात निकाल, अशी नियमांची अपेक्षा आहे. तेवढ्याने झालं नाही तर ग्राहकाला १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन सांगा. स्वतःहून सांगितलं तर गिऱ्हाईक राहतं.

महिनाअखेर आणि टीम

धंदा बुडतो तो २८ तारखेनंतर. महिन्याच्या खरेदीवर पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर बोनसची लेव्हल ठरते. "फक्त चाळीस पॉइंट कमी आहेत, लेव्हल जाईल, स्वतःच घे ना" असा वरच्या ताईंचा फोन येतो. आठ हजारांचा माल घेतला जातो, बाराशेचा बोनस येतो, आणि पुढच्या महिन्यात तो माल विकायचा असल्यामुळे नवीन घ्यायची गरज नसते, तरी २८ तारीख पुन्हा येते. पलंगाखाली खोकी साचतात. वहीतल्या घरांना तीस दिवसांत जेवढं लागतं त्याहून एक बाटली जास्त घरात असता कामा नये. फोन करणाऱ्या ताई चांगल्याच असतील, त्यांनाही वरून फोन आलेला असतो.

टीम करायचीच असेल तर तीनदा खरेदी केलेल्या आणि स्वतःहून "मीही विकू का?" विचारणाऱ्या बाईलाच घ्या. तिला कमाईचे आकडे दाखवू नका, वही दाखवा. पहिल्या दहा ऑर्डरला तिच्यासोबत जा. तिची इमारत तुमच्या इमारतीहून वेगळी असू द्या, नाहीतर दोघी एकाच लिफ्टमध्ये एकाच बाटलीचा भाव पाडत बसाल. हॉटेलच्या हॉलमधल्या सेमिनारचं तिकीट कुणालाही स्वतःच्या पैशाने काढून देऊ नका.

सहा महिन्यांनी वही घेऊन बसा. दोनदा किंवा जास्त वेळा घेणारी घरं मोजा. वीसच्या वर असतील तर तिसरी सोसायटी घ्या. दहाच्या आत असतील तर आधी वस्तू बदलून बघा, कारण दोष अनेकदा मालाचा असतो. तीन-चार घरंच असतील, तर सील न फुटलेला माल करारातल्या मुदतीत बिलासकट परत पाठवा, कुरिअरची पावती जपा, आयडी बंद केल्याचं कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, आणि त्या तीन-चार घरांना कंपनीच्या साइटची लिंक देऊन ठेवा.